दोर काठावर हवा

आपल्याकडे घरगुती न्यासांना तोटा नाही. आईच्या, वडिलांच्या किंवा अकाली गेलेल्या लेकराच्या स्मरणार्थ घरातली चार माणसे एकत्र येतात, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करतात आणि दरवर्षी जूनमध्ये जवळच्या शाळेत वह्या, दप्तरे, गणवेश वाटतात. अशा एखाद्या न्यासाने गावातल्या मुलांना पोहायला शिकवावे, विहिरी-तळ्यांवर काही सोय करावी असे मनात आणले, की चार जाणती माणसेच त्याला परावृत्त करतात. त्यांचे म्हणणे सहज झटकून टाकण्यासारखे नाही, म्हणून आधी तेच नीट मांडतो.

ते म्हणतात, बुडून होणारे मृत्यू हा प्रचंड मोठा प्रश्न आहे. तो पाटबंधारे खात्याचा, आपत्ती व्यवस्थापनाचा, जिल्हा प्रशासनाचा विषय आहे. एका कुटुंबाच्या तुटपुंज्या पैशाने तिथे काय होणार? दुसरे असे, की मुलांना पोहायला शिकवले म्हणजे त्यांची पाण्याची भीती जाते, आणि भीती गेली की धोका वाढतो; शेवटी पट्टीचा पोहणाराच बुडतो. तिसरे म्हणजे असे न्यास दुःखाच्या भरात निघतात आणि दुःख ओसरले की बंद पडतात. त्यापेक्षा तोच पैसा एखाद्या मोठ्या, जुन्या संस्थेला द्यावा, आणि घरच्यांनी वह्या वाटाव्यात.

हे तिन्ही मुद्दे मला चुकीचे वाटतात. मुलांना पाण्यापासून सुरक्षित ठेवण्याच्या कामाचा सर्वांत महत्त्वाचा भाग लहान, स्थानिक आणि घरगुती हातांनीच होऊ शकतो. मोठ्या यंत्रणेने कितीही मनावर घेतले तरी तो भाग तिच्या हाती लागत नाही.

प्रश्न मोठा आहे, यात वाद नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२४ च्या अहवालानुसार २०२१ साली जगभरात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली आणि त्यांतली जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुले होती. भारतात पोलिसांच्या नोंदींत दरवर्षी तीस हजारांहून अधिक असे मृत्यू येतात, आणि त्या यादीत मध्य प्रदेश व महाराष्ट्र ही राज्ये नेहमी वरच्या बाजूला असतात. पण आकडा मोठा म्हणून उपायही मोठाच हवा, हे अनुमान टिकत नाही. रेल्वेचा अपघात एका ठिकाणी शंभर बळी घेतो. बुडण्याचे तसे नसते. इथे शंभर मृत्यू शंभर ठिकाणी होतात. एक विहिरीत, एक शेततळ्यात, एक दगडाच्या बंद पडलेल्या खाणीत, एक कालव्यात, एक घरामागच्या पाण्याच्या टाकीत. प्रत्येक जागेची खोली वेगळी, काठ वेगळा, तिथे जाणारे मूल वेगळे आणि त्याची तिथे जाण्याची वेळही वेगळी.

शेजारच्या बांगलादेशात या विषयाचा जितका बारकाईने अभ्यास झाला आहे तितका फार थोड्या देशांत झाला असेल. त्या अभ्यासात असे दिसले, की पाच वर्षांखालची मुले बहुतेक वेळा घरापासून वीस मीटरच्या आतच बुडतात. वेळही ठरलेली, सकाळी नऊ ते दुपारी एक. बाप शेतावर किंवा मजुरीला गेलेला असतो, आई चुलीशी आणि धुण्याभांड्यांत अडकलेली असते, आणि रांगते किंवा नुकते चालायला लागलेले पोर दारासमोरच्या तळ्यापर्यंत पोचते. घरापासून वीस मीटर, आणि चार तास. हे अंतर आणि ही वेळ मंत्रालयातून राखता येत नाही. ती शेजारणीलाच राखता येते.

त्यात आणखी एक अडचण आहे ती मिनिटांची. मेंदूला चार ते सहा मिनिटे प्राणवायू मिळाला नाही की कायमची इजा सुरू होते. शिवाय बुडणारा माणूस सिनेमात दाखवतात तसा हात हलवून ओरडत नाही. श्वास घेण्याच्या धडपडीत त्याला आवाज काढायला सवडच नसते, आणि मूल तर मुकाट्याने खाली जाते. तालुक्याहून अग्निशमन दलाची गाडी किंवा जिल्ह्याहून बचाव पथक कितीही वेगाने निघाले तरी अशा वेळी ते बहुधा मृतदेह शोधायलाच पोचते. जो वाचवणार तो काठावरच असावा लागतो, आणि ज्याने वाचवायचे ते साधनही काठावरच असावे लागते.

'हे सरकारचेच काम' असे म्हणणाऱ्यांनी इतिहासही पाहावा. १७७३ च्या सुमारास लंडनमधील डॉक्टर विल्यम हॉज यांनी जाहीर केले, की थेम्स नदीतून बाहेर काढलेला माणूस वेळेत माझ्याकडे आणून दाखवा, मी बक्षीस देईन. त्या काळी बुडालेला माणूस मेलाच असे धरून चालत. हॉज यांना ते मान्य नव्हते, आणि सुरुवातीला ते ही बक्षिसे स्वतःच्या खिशातून देत. १७७४ मध्ये त्यांनी डॉक्टर थॉमस कोगन यांच्यासह या कामासाठी एक संस्था काढली. तीच पुढे रॉयल ह्यूमेन सोसायटी म्हणून ओळखली गेली. ४ मार्च १८२४ रोजी विल्यम हिलरी यांच्या पुढाकाराने ब्रिटनमध्ये जीवरक्षक होड्यांची संस्था उभी राहिली. ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या जीवरक्षक होड्या दोनशे वर्षांनंतर आजही मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर आणि स्वयंसेवकांच्या जोरावर चालतात, आणि संस्थेने आजवर वाचवलेल्या जिवांची संख्या एक लाख चाळीस हजारांच्या पुढे आहे. श्रीमंत आणि सुसज्ज राज्ययंत्रणा असलेल्या देशातही हे काम लोकांच्या हातून सुरू झाले आणि लोकांच्याच हाती राहिले.

आपल्याकडेही ते घरगुतीच होते. पाठीला वाळलेला भोपळा, पत्र्याचा डबा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधायचा आणि काका-मामाच्या नजरेखाली पायऱ्यांच्या विहिरीत उतरायचे, अशा रीतीने महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्या पोहायला शिकल्या. शुल्क नव्हते, प्रमाणपत्र नव्हते, पण शिकवणारा प्रत्येक पोराला नावाने ओळखत होता आणि विहिरीचा तळही त्याला ठाऊक होता. आता विहिरींची जागा बोअरने घेतली आहे, काका-मामा नोकरीसाठी शहरात गेले आहेत, आणि तालुक्याचा जलतरण तलाव असलाच तर तो गावापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. मुली तर त्या जुन्या व्यवस्थेतही बहुतेक ठिकाणी काठावरच उभ्या होत्या. जे काम घराने केले आणि घराने सोडले, ते पुन्हा उचलायला घराच्याच न्यासाइतकी योग्य संस्था दुसरी कोणती?

आता पट्टीच्या पोहणाऱ्याविषयी. हे वाक्य इतक्या आत्मविश्वासाने उच्चारले जाते, की त्याचा पुरावा कुणी मागतच नाही. पोहता न येणारा बुडाला तर त्यात कुणाला नवल वाटत नाही. पोहणारा बुडाला की त्याची चर्चा आठवडाभर चालते आणि तीच लक्षात राहते. कपडे धुताना पाय घसरलेली बाई, चेंडू काढायला वाकलेला मुलगा, अंगणातल्या टाकीत पडलेले दोन वर्षांचे पोर, यांची गणती या म्हणीत होतच नाही. आठवणीवरून काढलेला निष्कर्ष आणि मोजून काढलेला निष्कर्ष यांत हा फरक पडतो.

मोजून पाहिले तेव्हा काय दिसले? बांगलादेशात २००६ ते २०१० या काळात ग्रामीण भागातल्या हजारो मुलांवर एक प्रयोग झाला. गावाच्या तळ्यातच बांबूचा मांडव उभारून, गावातल्याच तरुण-तरुणींना शिक्षक म्हणून तयार करून मुलांना पोहायला शिकवले. २५ मीटर पोहता येणे, ३० सेकंद तरंगता येणे आणि स्वतः पाण्यात न उतरता दुसऱ्याला बाहेर काढता येणे, एवढेच साधे ध्येय होते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शिकलेल्या मुलांत बुडून मरण्याचे प्रमाण न शिकलेल्यांपेक्षा ९० टक्क्यांहून अधिक कमी होते. त्याच प्रकल्पात लहानग्यांसाठी 'आंचल' नावाची पाळणाघरे चालवली. गावातल्याच एका बाईने सकाळच्या त्या धोक्याच्या वेळात वीस-पंचवीस मुले सांभाळायची. त्या मुलांतही मृत्यूचे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक घटले. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही एक ते चार वर्षांच्या मुलांत पोहण्याचे शिक्षण आणि बुडण्याचा कमी धोका यांचा स्पष्ट संबंध आढळला. पोहायला शिकवल्याने मुले मरतात ही समजूत या पुराव्यापुढे उभी राहू शकत नाही.

त्या समजुतीत एक कण मात्र खरा आहे, आणि तो मी नाकारत नाही. केवळ हातपाय मारायला शिकलेला, पाणी वाचायला न शिकलेला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा धोक्यात असतो. बंधाऱ्याच्या खाली फिरणारे पाणी माणसाला पुन्हा पुन्हा आत ओढते. फरशी पुलावरून गुडघ्याच्याही खाली असलेले पाणी जोरात वाहत असेल तर उभ्या माणसाचे पाय सुटतात. नदीच्या डोहात कालपर्यंत जिथे वाळू होती तिथे उपशानंतर दोन पुरुष खोल खड्डा असतो. समुद्रात ओहोटीचा ओढा किनाऱ्याकडून आत नेतो. हे सारे शिकवायचे असते. पण यातून निघणारा निष्कर्ष 'शिकवू नका' असा नाही, 'नीट शिकवा' असा आहे. आणि कोणत्या बंधाऱ्याखाली पाणी फिरते, कोणत्या डोहात उपसा झाला, हे नीट कोण सांगू शकते? बाहेरून आलेला प्रशिक्षक खचितच नाही.

तिसरा मुद्दा दुःखाचा. दुःखातून निघालेले काम भावनेच्या भरात होते आणि टिकत नाही, असे म्हटले जाते. अमेरिकेत २००२ साली सात वर्षांची एक मुलगी पाणी ओढून घेणाऱ्या झाकणाला चिकटली, गरम पाण्याच्या टबातून सुटू शकली नाही आणि मेली. तिच्या आईने, नॅन्सी बेकर यांनी, ते झाकण कसे असते, त्याची ओढ किती असते, ते बदलायला काय लागते, हे लोकप्रतिनिधींपुढे जाऊन पुन्हा पुन्हा सांगितले. डिसेंबर २००७ मध्ये त्या मुलीच्या, व्हर्जिनिया ग्रॅमी बेकर हिच्या, नावाने कायदा झाला आणि सार्वजनिक तलावांत सुरक्षित झाकणे सक्तीची झाली. कुणी म्हणेल, तिचे आजोबा जेम्स बेकर देशाचे परराष्ट्रमंत्री होते, त्या घराला वजन होते. ते बरोबर आहे. म्हणून दुसरे घर पाहू.

ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात राहणाऱ्या वांडा बट्स या आईचा सोळा वर्षांचा मुलगा जॉश २००६ साली तळ्यात बुडाला. त्याला पोहता येत नव्हते आणि अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते. वांडा यांच्या वडिलांना पाण्याची धास्ती होती, ती त्यांच्यात उतरली आणि त्यांनी मुलालाही पाण्यापासून लांबच ठेवले. मुलगा गेल्यावर त्यांनी त्याच्या नावाने एक लहानशी संस्था काढली आणि आजूबाजूच्या, मुख्यतः कृष्णवर्णीय, मुलांना परवडेल अशा खर्चात पोहायला शिकवायला सुरुवात केली. त्या घराला वजन नव्हते आणि हाती सत्ता नव्हती, तरी काही वर्षांत हजारांहून अधिक मुले शिकून बाहेर पडली. ज्या घराने मूल गमावले त्याला कुठे, केव्हा आणि कशाच्या अभावी हे घडले ते नेमके ठाऊक असते. हे ज्ञान कोणत्याही सर्वेक्षणापेक्षा अचूक असते. भावनेचा भर ओसरला तरी ते ओसरत नाही.

आता मंडन. लहान न्यासाने करायचे काय? मोठे बोलण्याआधी आपल्या मातीतलीच एक जागा जवळून पाहू. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' या योजनेने महाराष्ट्रात गावोगाव शेततळी झाली. दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याला त्यांनी तारले, ते व्हायलाच हवे होते. पण पाणी मुरू नये म्हणून आत जाड प्लास्टिकचा कागद अंथरतात. चारही बाजूंचा उतार गुळगुळीत होतो, ओला झाल्यावर त्यावर शेवाळाचा पातळ थर धरतो, आणि पडलेल्या माणसाला बोट रोवायलाही जागा उरत नाही. वर चढायचा प्रत्येक प्रयत्न त्याला पुन्हा पाण्यात आणतो. उन्हाळ्यात पाणी खाली जाते तेव्हा धोका कमी झाला असे वाटते, प्रत्यक्षात चढायचा उतार तेवढाच लांबलेला असतो. इथे पट्टीचा पोहणाराही थकून जातो, आणि त्याला काढायला उतरलेला भाऊ किंवा बापही त्याच उतारावर अडकतो. एकाच घरातले दोन-तीन जीव एकाच तळ्यात गेल्याच्या बातम्या आपण वाचतो त्यांचे कारण बहुधा हेच असते.

यावर उपाय काय? काठावर पक्का रोवलेला लोखंडी खुंट, त्याला बांधलेला, हात-हातभर अंतरावर गाठी मारलेला आणि पाण्यापर्यंत सोडलेला जाड नायलॉनचा दोर. असा दोर चारही बाजूंना एकेक. शेजारी झाकण घट्ट लावलेले, दोरीला बांधलेले दोन रिकामे प्लास्टिकचे डबे, म्हणजे काठावरच्याला फेकता येतील. भोवती तारेचे किंवा काटेरी कुंपण आणि बंद होणारे फाटक. या सगळ्याला निविदा लागत नाही, अभियंता लागत नाही. गावातल्या सर्व शेततळ्यांना हे करायला न्यासाला फार तर दोन-तीन हंगाम लागतील. दरवर्षी मे महिन्यात दोर तपासायचा आणि उन्हाने कुजला असेल तर बदलायचा, एवढे व्रत मात्र पाळावे लागेल.

दुसरे काम वाचवण्याच्या शिक्षणाचे. ऑगस्ट २०२० मध्ये तमिळनाडूतल्या पेरंबलूर जिल्ह्यात कोट्टरै धरणात चार तरुण बुडत होते. काठावरच्या तीन बायांनी अंगावरच्या साड्या सोडून पाण्यात फेकल्या आणि दोघांना ओढून बाहेर काढले. त्यांनी नेमके तेच केले जे जगभरचे जीवरक्षक शिकवतात. आधी काठी किंवा कापड पुढे करायचे, मग दोर फेकायचा, आणि न शिकलेल्याने पाण्यात उडी कधीच मारायची नाही. हे आठ वर्षांच्या मुलालाही शिकवता येते. बाहेर काढल्यावर काय करायचे, हेही शिकवायला हवे. पोट दाबून पाणी काढणे, पाय धरून उलटे टांगणे, पालथे घालून गरगर फिरवणे, यांत मोलाची मिनिटे जातात. मिठाच्या ढिगात ठेवले की बुडालेला जिवंत होतो, असा संदेश मोबाईलवर फिरत असतो आणि हताश माणसे त्यावर विश्वास ठेवतात. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे लगेच सुरू करून १०८ ला फोन करायचा असतो. तालुक्यातल्या डॉक्टरांना बोलावून आशा कार्यकर्त्या, शिक्षक, ट्रॅक्टरचालक आणि गणेश मंडळाची पोरे यांना हे दरवर्षी हाताने करून घ्यायला लावणे, हे काम न्यासाच्या आवाक्यात आहे.

तिसरे काम सर्वांत धाकट्यांचे. पाच वर्षांखालच्या मुलाला नुसते पोहणे वाचवत नाही, नजर वाचवते. अंगणवाडीची वेळ आणि शेतावरच्या कामाची वेळ जिथे जुळत नाही, तिथे त्या मधल्या तासांसाठी गावातल्या एका बाईला मानधन देऊन मुले सांभाळायला सांगायची. ऊसतोडीच्या हंगामात फडाजवळच्या कोप्यांत आई-बाप पहाटे निघून जातात आणि लहान भावंडे मोठ्या भावंडांवर सोपवली जातात. जवळच कालवा किंवा विहीर असते. ज्या तालुक्यात कारखाना आहे तिथल्या न्यासाने हंगामाचे महिने या मुलांसाठी राखून ठेवले तर त्याहून मोठे पुण्य नाही. सहा वर्षांवरच्या मुलांना, आणि मुलींना हटकून, पोहायला शिकवणे हे चौथे काम. त्यासाठी एका दिवसाचे शिबिर आणि बक्षीस समारंभ नको. उन्हाळ्याच्या सुट्टीतले सलग काही आठवडे हवेत, आणि प्रत्येक मुलाची नोंद हवी.

विरुद्ध पक्षाचे एक म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. सरकारची जबाबदारी यामुळे कमी होत नाही. धरणांवर कुंपण आणि रक्षक, बंद खाणी बुजवणे, बेकायदा वाळूउपशाला आळा, होडीवर पुरेशी जीवरक्षक जाकिटे, हे सारे शासनानेच करायचे आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेव्हा जो प्रश्न विचारायचा तो प्रशासनालाच विचारायला हवा. पण लहान काम मोठ्या कामाच्या आड येत नाही, ते त्याचा पाया घालते. बांगलादेशातल्या त्या गावपातळीवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष हाती होते, म्हणूनच तिथल्या सरकारने २०२२ साली सोळा जिल्ह्यांत आठ हजार पाळणाघरे आणि त्यांत दोन लाख मुले, एवढ्या मोठ्या कार्यक्रमाला मंजुरी दिली. आपल्याकडच्या एखाद्या न्यासाने पाच वर्षांची चोख नोंदवही ठेवली, तर जिल्हा परिषदेपुढे ठेवायला तिच्याहून भक्कम पुरावा नसेल.

म्हणून ज्यांच्या घरी असा एखादा न्यास आहे, त्यांना माझे सांगणे आहे. वह्या जरूर वाटा, त्या थांबवू नका. पण यंदाच्या स्मृतिदिनाचा मांडव, फुलांचे हार आणि फलक यांचा खर्च बाजूला काढा. गावातल्या दोन जाणत्या माणसांना बरोबर घेऊन प्रत्येक विहीर, शेततळे, खाण आणि बंधारा पायी फिरून पाहा, त्यांची यादी करा, आणि ज्या पाण्याजवळून मुले रोज शाळेत जातात तिथे पहिला दोर बांधा. हे पावसाळ्याआधी करा.